तू विणलेली ठेंगणी खुर्ची

आई, तू आणि कॉलनीतल्या तुझ्या बरोबरीच्या सगळ्या बायका, तुम्हा सगळ्यांची एकच तक्रार होती आणि ती एकीनेही कधी तोंडातून काढली नाही. तुम्हाला तुमच्याच घरात बसायला जागा नव्हती. भुई होती, हे खरं. पण भुईवर तुम्ही बसत कुठे होता? निवडत होता, चिरत होता, लाटत होता, पोराला पायांवर घेऊन न्हाऊ घालत होता. याला बसणं म्हणत नाहीत. बसणं म्हणजे पाठ टेकायची, हात रिकामे ठेवायचे आणि समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलायचं. ते पुरुषांचं होतं, पाहुण्यांचं होतं, शाळेतून आलेल्या मास्तरांचंसुद्धा होतं. तुम्ही दाराच्या चौकटीला टेकून उभ्या. हे मी अर्धं आयुष्य सभांमधून ओरडून सांगितलं, टाळ्या घेतल्या. माझ्या भाषणांत मोठमोठ्या पुस्तकांतले दाखले असायचे. ती पुस्तकं हातात पडायच्या आधी हे सगळं मी आपल्या दोन खोल्यांत तुझ्याकडे बघून शिकले होते, ते मात्र कुठल्या व्यासपीठावर बोलायला सुचलं नाही.

इस्लामपूरच्या बाहेर, साखर कारखान्याच्या कॉलनीत आपलं क्वार्टर. आबा पलटणीतून पेन्शनीत आले आणि कारखान्याच्या गेटवर राखणीला लागले. सामान म्हणजे त्यांची काळी पत्र्याची ट्रंक, एक बाज आणि पलटणीतून आणलेली कापडी घडीची खुर्ची. त्या खुर्चीत फक्त आबा बसायचे. दुष्काळाच्या पुढच्या साली एका दुपारी तिचं कापड टर्रकन फाटलं आणि आबा तिच्यासकट खाली गेले. तू पदर तोंडात कोंबलास, माझी थोरली बहीण अक्का उघड हसली, मी तर लोळलेच. आबा धोतर झटकत उठले आणि म्हणाले, "हसताय काय? हवालदार पडला म्हंजे पलटण पडत न्हाई!" दुसऱ्या दिवशी तू कापडाच्या चिंध्या काढून टाकल्यास आणि पिशव्या विणायची प्लास्टिकची निळी-पांढरी वायर त्या सांगाड्यावर ओढायला लागलीस. तेव्हा घरोघरी बायका वायरच्या पिशव्या विणायच्या, पण पिशवीची वीण खुर्चीला लावावी हे आख्ख्या कॉलनीत तुला एकटीला सुचलं. संध्याकाळी आबा बसले, जरा हलून बघितलं, परत हलून बघितलं. "मेसमदी सायबाला बी असली न्हवती गं," म्हणाले आणि अंधार पडेपर्यंत उठलेच नाहीत.

मग तुला थांबवणारं कोण? आबांची ट्रंक तू खिडकीखाली सरकवलीस, वर गोधडी दुमडून घातलीस आणि त्यावर जतकडच्या मेंढपाळ बाईकडून घेतलेलं काळं-तपकिरी घोंगडं अंथरलंस. झाला दिवाण. साखरेची रिकामी पोती सोडा घालून उकळलीस, मऊ होईस्तोवर आपटलीस, सांगलीहून रंग आणून विटकरी रंगवलीस आणि दाराखिडक्यांना पडदे केलेस. बैलगाड्यांच्या चाकांना लोखंडी धावा चढवणारा लोहार होता, त्याच्याकडे तू नव्या खुर्च्यांचे सांगाडे करायला गेलीस. तो म्हणाला, "वैनी, मला गोलच जमतंय. चौकोन माझ्या हातून वाकडा येतोय." तू म्हणालीस, "मग गोलच करा की." गाडीच्या धावेसारख्या लोखंडी कड्यावर तू निळी-पांढरी वायर ताणलीस आणि आपल्या घरात अशा गोल खुर्च्या आल्या की कारखान्याच्या इंजिनिअरची बायको दारातून वाकून बघून गेली. शहरातली फॅशन आपल्याकडे उशिरा यायची, तू तिची वाट बघितली नाहीस.

शेजारणी यायला लागल्या. "वैनी, आमच्या बी खोलीचं आसं करून द्या की." तू जायचीस, मला बरोबर घेऊन. आत गेल्यावर तू भिंती बघत नव्हतीस, सामान बघत नव्हतीस. तू पाण्याचा तांब्या हातात घेऊन गप्प बसायचीस आणि त्या घरातली माणसं कशी वावरतात ते बघायचीस. एकदा मी कंटाळून विचारलं की नुसती बघत काय बसतेस. तू म्हणालीस, "कोन कुटं अवघडून हुबं ऱ्हातंय ते बघती. तितं काय तरी ठिवायचं. झालं."

अक्काला बघायला मेढ्याकडची माणसं आली तो दिवस मला आजही समोर दिसतो. मुलगा साताऱ्यात कचेरीत कारकून. त्याचे वडील, पागोटं घातलेले म्हातारे आजोबा, दोन चुलते, आई आणि आत्या. पुरुष गोल खुर्च्यांवर बसले आहेत, आजोबा आबांच्या खुर्चीत. आत्या भुईवर सतरंजीवर बसली आहे. आणि मुलाची आई मात्र आतल्या दाराशी उभी. तू तीनदा म्हणालीस बसा, ती तीनदा म्हणाली, "असू द्या, बरी हाय." पुरुषांनी खुर्च्या हलवून, उचलून बघितल्या. "सातारला दुकानात बी असल्या न्हाईत," चुलते म्हणाले आणि जाताना आबांना म्हणाले, "बाकी आमचं काय मागणं न्हाई. रुखवतात तेवढा हा चार खुर्च्यांचा सेट असू द्या." आबा खूश. अक्का चोरून हसत होती, तिला मुलगा पसंत होता. तू कपबश्या उचलत म्हणालीस, "त्या बाईचा गुडघा बघितला का? दोपारभर वाकला न्हाई. भुईवर बसता येत न्हाई आन् सासऱ्यासमोर खुर्चीत बसवत न्हाई. मग बाईनं करावं काय?"

परत लोहाराकडे. या वेळी तू हाताने उंची दाखवलीस: पुरुषांच्या खुर्चीपेक्षा वीतभर खाली, पण पाटापेक्षा पुष्कळ वर, आणि उठताना धरायला दोन्ही बाजूंना दांडे. लोहार डोकं खाजवत म्हणाला, "वैनी, ह्यो पाट हाय का खुर्ची?" "दोनीच्या मदलं," तू म्हणालीस, "हिच्यात बाईचा गुडघा बी ऱ्हाईल आन् म्हाताऱ्याचा मान बी ऱ्हाईल." चार उंच खुर्च्या आणि ही एक ठेंगणी, सगळ्यांत बारीक वीण तिची.

लग्न कॉलनीतल्या शाळेच्या पटांगणात. मांडवाच्या एका अंगाला रुखवत मांडलेलं: लाडवांची ताटं, भांडी, अक्कानं भरलेले रुमाल, आणि मधोमध पाच खुर्च्या. वरपक्षाच्या बायका बघायला आल्या. आत्यानं चार खुर्च्यांवरून हात फिरवला, पाचवीशी थांबली. "ही कुनाची?" कुणीतरी सांगितलं, विहीणबाईंची. आत्याचा आवाज चढला. "चार उंच आन् आमच्या वैनीची तेवढी खुजी? बघितलंसा का? हितनंच सुरुवात झाली!" विहिणीचं तोंड उतरलं. लग्नात विहिणीला उंच बसवायची रीत. आपण तिला मुद्दाम खाली बसवतोय, असं तिथल्या प्रत्येक बाईला त्या क्षणी खरंच वाटलं. "आमी काय मागं लागून आलोय व्हय?" दुसरी म्हणाली. चुलते उठून जानवसघराकडे चालायला लागले. हळदीची अक्का खांबाला धरून उभी. एका खुर्चीवरून लेकीचं लग्न मोडायला आलं होतं, आणि ती खुर्ची तू केली होतीस.

तू पदर खोचलास आणि सगळ्यांसमोर विहिणीपुढे जाऊन उभी राहिलीस. तुझा आवाज मी तेवढा मोठा कधीच ऐकला नव्हता, आणि तरीही तो मोठा नव्हता. "ईनबाई, त्या दिशी आमच्या दारात तुमी दोपारभर हुब्या होता. मला बघवलं न्हाई. उंच केली असती तर मामंजींसमोर तुमी बसला असता का? खरं सांगा. म्हनून त्यांच्या खुर्चीपरीस वीतभर खाली ठिवली. आमाला तुमचा पानउतारा करायचा न्हवता ओ, तुमाला बसवायचं हुतं. बसून बघा. न्हाई पटली तर हितंच आख्खी उसवती."

विहिणीनं सासऱ्याकडे बघितलं. म्हातारबुवा काठीवर हनुवटी टेकून ऐकत होते. ते म्हणाले, "बस की गं. माजी खुर्ची उंच हाय न्हवं? झालं तर मग!" लोक हसले, चुलते होते तिथे थांबले. विहीण दोन्ही दांडे धरून हळूच टेकली, मग मागं सरली, मग पाठ टेकली. डोळे मिटले. "अगं बया," एवढंच म्हणाली. जेवणाच्या पंगतीला उठवायला गेले तर उठेना. "मी हितंच जेवनार. ताट हिकडं आना." आत्या पुढे झाली, "वैनी, उठा जरा, मला बी बघू द्या." "तुजे गुडघे चांगले हैत. जा, पंगतीला बस." मग रडत होती ती फक्त अक्का, आणि तीही हसता हसता.

त्या खुर्चीला लोक पुढे 'ईनबाईची खुर्ची' म्हणायला लागले. मेढ्याहून मागणी आली, खंडाळ्याहून आली. घराघरात म्हाताऱ्या टेकायला लागल्या, आणि टेकलेली बाई बोलायलाही लागते, हे मी डोळ्यांनी बघितलं. मोर्चे काढून आम्ही जे मिळवलं त्याची किंमत मी कमी करत नाही. पण बाईला आधी टेकू द्या, मग ती काय मागते ते ऐका, हे मी तुझ्याकडून घेतलं.

तू मात्र शेवटपर्यंत बसली नाहीस. स्वतः विणलेल्या एकाही खुर्चीत नाही. बस म्हटलं की "दूध उतू जाईल" म्हणायचीस आणि आत वळायचीस. सांगलीच्या माझ्या पहिल्या मोठ्या सभेला तू आलीस तेव्हाही मांडवाच्या शेवटच्या खांबाला टेकून उभी होतीस. मी व्यासपीठावरून गरजत होते, बाईला घरात जागा द्या. सभा संपल्यावर तू म्हणालीस, "बोललीस चांगलं. पर फुडं बसलेली म्हातारी ठसकत हुती, तिला कुनी पानी दिलं न्हाई. तुज्या म्होरंच हुती की." मला राग आला होता. आज तो राग कुठे आहे ते शोधते तर सापडत नाही.

मी सांगलीत फ्लॅट घेतला तेव्हा तू तशीच निळी-पांढरी ठेंगणी खुर्ची विणून पाठवलीस. ती हॉलमध्ये आहे. शोरूममधून आणलेला सोफा शेजारी आहे, पण येणारा प्रत्येकजण आधी तिच्याकडे बघतो, कुठून घेतली विचारतो. परवा एक नवं जोडपं आलं होतं, खुर्चीचं ऐकून, घर कसं लावावं ते विचारायला. दोघं सोफ्यावर बसली आणि मी बोलत राहिले, पुष्कळ बोलले. थोड्या वेळाने मुलगी म्हणाली, "मावशी, तुम्ही बसा ना." तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभी आहे. आई, मी काय म्हणाले असेन? "दूध उतू जाईल," म्हणाले. गॅसवर काहीच नव्हतं.

हे कागद आता तुझ्या कुठल्या पत्त्यावर टाकायचे मला माहीत नाही, टाकणारही नाही. घडी करून त्या खुर्चीच्या उशीखाली ठेवते. आता ऐक माझं. दूध मी बघते. तू ये, आणि बस.