हुंगून न पाहिलेले हात

मी, शिवमूर्ती महारुद्रप्पा बारोळे, वय वर्षे एकाहत्तर, धंदा चिरूट तयार करून विकणे, राहणार पूर्णा, जिल्हा परभणी, आज सोमवार दि. १९ मे २०२५ रोजी स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे. मला कोणी धाक दाखवलेला नाही की काही पाजलेले नाही. हृदय मात्र शाबूत नाही, म्हणून ही घाई. येत्या गुरुवारी नांदेडला माझी छाती उघडणार आहेत. काळजीचे कारण नाही असे डॉक्टरांनी मला तीनदा सांगितले. पहिल्यांदा सांगितले तेव्हा बरे वाटले होते, तिसऱ्यांदा सांगितल्यापासून अन्न गोड लागत नाही.

वकीलसाहेबांनी एक छापील नमुना दिला आहे. त्यात स्थावर आणि जंगम अशा दोन जागा सोडल्या आहेत. मला जे सांगायचे आहे ते दोन्हींत बसेना, म्हणून साध्या कागदावर लिहीत आहे. अक्षर हलले असेल तर ते माझेच आहे, कोणी शंका घेऊ नये.

कलम १. राहते घर माझी पत्नी सौ. शांतम्मा हिने तहहयात वापरावे, तिच्यामागे ते माझा एकुलता मुलगा राजशेखर याचे. शांतम्माला तिच्या खोलीतून कोणी हलवू नये. ती स्वतःहून म्हणाली, तरी तिला दोनदा विचारावे. ती रागात बोलते आणि मग पस्तावते.

कलम २. चिरुटांचा कारखाना, म्हणजे पुढचा ओटा, वळणीचे सहा पाट, सुऱ्या, साचे आणि मागची मुरवणीची खोली, हे राजशेखर आणि सूनबाई शिवरंजनी या दोघांच्या नावे समाईक. मात्र कोणते पान वळायला काढायचे आणि कोणते अजून थांबवायचे, हे एकट्या शिवरंजनीने ठरवावे. राजशेखर, वाईट वाटून घेऊ नकोस. तुला गिऱ्हाईक कळते, पण पान कळत नाही. पंधरा दिवसांत दोनदा "अप्पा, आता तरी काढू का?" म्हणून विचारणाऱ्या माणसाच्या हाती मी ती खोली देऊ शकत नाही.

तुझ्यासाठी पुन्हा एकदा लिहून ठेवतो. गोदावरीच्या बेटांवरून आपले पान येते तेव्हा ते वाळलेले असते, मुरलेले नसते. ढीग लावला की ते आतून तापते आणि गोठ्यातल्या मुतासारखा वास सोडते. तो वास सगळा निघून गेला पाहिजे. घाई करून तसेच वळले तर चिरूट डोळ्यांत जातो, जीभ चरचरते आणि घशाशी कच्च्या गवताचा कडवटपणा राहतो. ढीग उपसून वरचे पान खाली, खालचे वर करत राहावे. दोन वर्षे ही कमीत कमी. चौथ्या-पाचव्या वर्षी पान गोडसर होते. पुढे फार ठेवून उघड्यावर पडले तर मात्र त्यात काही उरत नाही, कागद ओढल्यासारखे लागते. ओल जास्त झाली तर बुरशी, कमी झाली तर चुरा. सध्या पारा चव्वेचाळीसच्या वर आहे. खोलीतले चारही माठ रोज भरायचे आहेत. मी दवाखान्यात असताना ते कोण भरणार, हे अजून कोणी मला सांगितलेले नाही. हे वाचताय तोवर एकाने उठून बघून यावे.

आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे तंबाखूचे पान शेजारचा वास पिते. रॉकेल, रंग, कांदे, अगरबत्ती, काहीही. त्या खोलीत दुसरे काही ठेवू नये.

कलम ३. पिंगळीचे आबासाहेब हे माझे चाळीस वर्षांचे गिऱ्हाईक आणि तितक्याच वर्षांचे तक्रारदार. माझे चिरूट ते कपाटात बायकोच्या शालूंशेजारी डांबरगोळ्यांत ठेवतात आणि नंतर चारचौघांत सांगतात, की शिवमूर्तीच्या मालाला आता डांबराची चव येते. त्यांना पाच वर्षे मुरलेली एक पेटी द्यावी. मात्र पेटी आधी कुठे ठेवणार ती जागा राजशेखरने जाऊन पाहावी. जागा कपाटात असेल तर पेटी परत आणावी.

कलम ४. हे कलम मी आजवर तीनदा लिहून फाडले. राजशेखर म्हणतो, "अप्पा, हे कागदावर कशाला लिहायलात? लोक हसतील." शांतम्मा नुसती माझ्याकडे बघते. मी हे न लिहिता गुरुवारी टेबलावर निजलो आणि उठलोच नाही, तर काय? या एका विचाराने मला आठ दिवस धड बसू दिलेले नाही.

कडूबाई रंगनाथ पौळ ही चुडाव्याची बाई आमच्या ओट्यावर अकरा वर्षे चिरूट वळत होती. नाव कडू, पण तिने वळलेला चिरूट शेवटपर्यंत एकसारखा जळायचा. आतला भरणा कुठे घट्ट नाही, कुठे सैल नाही. तिचा नवरा कामाला म्हणून पुण्याकडे गेला तो परत आला नाही. दहा वर्षांची मुलगी निकिता पदरात होती. रोज सकाळच्या गाडीने कडूबाई यायची, आणि अकरा वर्षांत तिने उशीर केल्याचे मला आठवत नाही.

सन २०१२ च्या हिवाळ्यात आमच्या मालाला एक विचित्र चव येऊ लागली. कच्च्या पानाची नव्हे, बुरशीचीही नव्हे. गोडसर, फुलांसारखी, तोंडात पावडर गेल्यासारखी. माल परत येऊ लागला. हैदराबादचे दुकानदार फोनवर म्हणाले, "शिवमूर्तीसाब, सिगार भेजे की अगरबत्ती?" मी एकेकीचा माल ओढून पाहिला. नेमकी त्या आठवड्यात कडूबाईच्या पाटावरच्या जुडीत ती चव सर्वांत जास्त होती. मी ओट्यावर आलो आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "नवरा घरी न्हाई, मग हाताला पावडर फासून कुणासाठी यायलीस?"

हे वाक्य मी जसे बोललो तसेच लिहिले आहे. ते सौम्य करून लिहिण्याचा मोह झाला होता.

ओट्यावरच्या बाकी पाचही बायांचे हात थांबले. त्यांतली पार्वतीबाई हसली. कडूबाईने आपले दोन्ही पंजे माझ्यापुढे धरले आणि म्हणाली, "मालक, माझ्या हाताला तंबाखूबिगर कशाचाच वास न्हाई. हुंगून बघा."

मी हुंगले नाही. परक्या बाईचे हात चारचौघांत कसे हुंगायचे, असे तेव्हा मनात आले. आज वाटते, ते निमित्त होते. हुंगले असते तर मी खोटा पडलो असतो. मी म्हणालो, "उद्यापासून येऊ नकोस." तिने सुरी पुसून पाटावर ठेवली आणि ती निघून गेली. तिच्या हातचे वळलेले तीनशे ऐंशी चिरूट मी विक्रीतून काढून ट्रंकेत घातले आणि माळ्यावर टाकले.

पावडरवाली कडूबाई हे नाव तेव्हापासून तिला चिकटले. पूर्णेत दुसऱ्या कुणी तिला वळणीला घेतले नाही. निकिताला शाळेत पोरी पावडरवालीची म्हणून चिडवायच्या, हे मला भागवत रिक्षावाल्याने सांगितले होते. मी ऐकून घेतले आणि विषय बदलला. कडूबाई आता चुडाव्याच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवते.

ती गेली, पण चव गेली नाही. महिन्यात कधी यायची, कधी नाही. मी खोलीला चुना दिला, पाणी बदलले, पान देणाऱ्याशी भांडलो. बारा वर्षे मी सगळ्या जगावर संशय घेतला.

मागच्या वर्षी मी न्हाणीत घसरून खुब्याचे हाड मोडून घेतले आणि दोन महिने पडून होतो. त्या काळात पानाची उलथापालथ शिवरंजनीने केली. तो सगळा माल स्वच्छ निघाला. मी उठलो, पहिल्याच दिवशी सकाळची इष्टलिंगाची पूजा करून खोलीत गेलो आणि ढिगाला हात घातला. शिवरंजनी दारात उभी होती. ती म्हणाली, "मामा, रागवू नका. एक हात राखेनं धुऊन या आणि मग दोन्ही हुंगून बघा."

मी उजवा हात धुतला. आधी तो हुंगला, मग डावा. डाव्या हाताच्या तीन बोटांना तीच गोड, फुलांची, पावडरीची चव होती, वासाच्या रूपात. माझी विभूती. सन २०१२ साली शांतम्माच्या बहिणीने यात्रेतून सुगंधी विभूतीच्या वड्या आणल्या. मला त्या इतक्या आवडल्या, की पुढे आम्ही त्याच मागवत आलो. रोज पूजा आटोपून, कपाळाला आणि दंडांना पट्टे ओढून, तीच बोटे घेऊन मी पानाला हात लावत होतो. रोजचा वास, म्हणून माझ्या नाकाला तो कळेनासा झाला होता. वडिलांच्या काळची साधी राख होती तोवर काही झाले नव्हते. देवाकडे बोट नाही, बोट माझेच होते. कडूबाईची जुडी त्या आठवड्यात वासाला लागली, कारण तिचे पान निवडून, चांगले म्हणून, मी स्वतः तिला काढून दिले होते.

मग मी माळ्यावरची ट्रंक उतरवली. बारा वर्षांत तो सुगंध उडून गेला होता. मी एक चिरूट पेटवला आणि मला रडू आले. इतका मऊ, इतका गोड माल आमच्या ओट्यावर माझ्या हयातीत दुसरा झालेला नाही. पानातला वाईट वास मुरता मुरता निघून जातो. बाईला ठेवलेले नाव तसे जात नाही.

तरी मी वर्षभर चुडाव्याला गेलो नाही. आज जाईन, उद्या जाईन. काय तोंड दाखवायचे? म्हणून इथे लिहून देतो की कडूबाई रंगनाथ पौळ यांच्या हाताला कधीही पावडर नव्हती. दोष माझ्या बोटांचा होता. मी त्यांची माफी मागतो. ~~ती ट्रंक आणि त्यांचा वळणीचा पाट त्यांना द्यावा.~~ हे कलम माझ्यामागे ओट्यावर सर्वांसमोर वाचून दाखवावे.

मंगळवार दि. २० मे. सह्या होण्यापूर्वी पुढील मजकूर मीच जोडत आहे.

कलम ४ चा मजकूर कडूबाईला आधी कळावा म्हणून काल भागवतला रिक्षा घेऊन चुडाव्याला पाठवले होते. तो परत येईपर्यंत मी दारात अकरा वेळा जाऊन आलो, असे शांतम्मा म्हणते. निरोप काहीच आला नाही. आज सकाळी दहाला वकीलसाहेब आणि साक्षीला आबासाहेब आले. वकीलसाहेबांनी कागद वाचला आणि म्हणाले की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार आहे त्याची साक्ष घेऊ नये, पुढे वाद निघतो. आबासाहेबांना पेटी मिळणार होती. त्यांनी क्षणभरही विचार न करता साक्ष सोडली आणि पेटी धरली. आता भागवतशिवाय दुसरा साक्षीदार कोण, या विवंचनेत आम्ही असताना कडूबाई दारात उभी राहिली. केस पिकले आहेत.

ती बसली नाही. म्हणाली, "भागवतनं सांगितलं. तुमी मेल्यावर माफी मागणार म्हणं. मंग मी ती कुणाकडून घेऊ? आत्ता वाचा."

माझ्या छातीत धडधडू लागले. शांतम्मा गोळी घेऊन धावली. राजशेखर म्हणाला, परवा ऑपरेशन हाय, आज त्रास नको. कडूबाई म्हणाली, "गोळी घ्या, पाणी प्या. पण वाचा."

मी ओट्यावर गेलो. आता तिथे तिघीच वळतात, त्यांत पार्वतीबाई आहे. रस्त्यावरचे चारजण थांबले. मी कलम ४ वाचले, ते एक वाक्य धरून. ते वाक्य मी पुटपुटलो, तेव्हा कडूबाई म्हणाली, "मोठ्यानं." मी मोठ्याने वाचले. माफी मागतो या शब्दांशी मी कागदावरून नजर काढून तिच्याकडे पाहिले. पार्वतीबाईने पदराने तोंड झाकून घेतले.

शिवरंजनीने ट्रंक ओट्यावर आणून उघडली. कडूबाईने तिच्यातला एक चिरूट उचलून नाकाशी धरला. "लय चांगला मुरलाय," ती म्हणाली आणि परत ठेवला. "पण मला तुमचं काही नको. ट्रंक सूनबाईला द्या, तिनं तुमाला हुंगायला लावलं. ते वाक्य खोडा." मग वकीलसाहेबांकडे वळून म्हणाली, "आता मला काही मिळणार न्हाई. मंग माझी साक्ष चालती का?"

चालते, असे वकीलसाहेब म्हणाले. त्याप्रमाणे कलम ४ मधील ट्रंक व पाट यांबाबतचे वाक्य खोडले असून खोडलेल्या जागी माझी सही आहे. ट्रंक शिवरंजनीला द्यावी. कलम वाचून झाले आहे, ते माझ्यामागे पुन्हा वाचण्याची गरज नाही. शिवरंजनीने कडूबाईला पुन्हा पाटावर बसायला विचारले. ती म्हणाली, शाळा सुरू व्हायच्या आत सांगते. ती येईल की नाही, मला माहीत नाही. गुरुवारी काय होईल तेही मला माहीत नाही, आणि भीती अजून आहे.

साक्षीदारांची माहिती भरताना वकीलसाहेबांनी कडूबाईच्या धंद्याच्या जागेशी पेन थांबवून मला विचारले, शाळेतला स्वयंपाक लिहू का. मी म्हणालो, त्यांनाच लिहू द्या.

हे मृत्युपत्र मी राजीखुशीने, दोन्ही साक्षीदारांच्या समक्ष सही करून पुरे केले.

ठिकाण: पूर्णा, जि. परभणी
दिनांक: २० मे २०२५

लिहून ठेवणार:
शिवमूर्ती महारुद्रप्पा बारोळे (सही)

साक्षीदार:

१. भागवत मारोती दुधाटे, वय ५२, धंदा रिक्षा, रा. पूर्णा (सही)

२. कडूबाई रंगनाथ पौळ, वय ४९, धंदा चिरूट वळणे, रा. चुडावा (सही)