कोर्टासाठीची वही (काही पानं)

३ मे, शुक्रवार
झोम्बात पोहोचलो. खोली लहान, पण कुलूप माझं. लेक तियामिके अंगणातल्या पेरूवर चढूनही बसली. घरमालकीण अलेफामावशींनी मक्याच्या पिठाचा न्सिमा आणि तळलेले उसिपा मासे दिले. म्हणाल्या, भाडेकरीण रोड दिसली की घरमालकिणीची अब्रू जाते. किती दिवसांनी हसले! पोर कशी राहते ते कोर्टाने रोज वहीत लिहायला सांगितलंय. आठवड्याची पानं बेस्टनमामा बलाकाच्या कोर्टात पोचवतील. आमच्या लग्नाचे मध्यस्थ तेच, मोडतानाही तेच लागतात. नवऱ्याला, वायसनला, आमचा पत्ता कळणार नाही, असा हुकूम आहे.

९ मे
शिवणाच्या दुकानात काम मिळालं. मी दोनला येते, शाळा बाराला सुटते. पेरूखालच्या मडक्यातली किल्ली काढून तियामिके स्वतः दार उघडते. सहा वर्षांची माझी वाघीण! खिडकीची काच फुटलीय, थोडी खोकते.

१४ मे
पोरीच्या ताब्यासाठी वायसनचा चौथा अर्ज. फुटक्या खिडकीमुळे मूल खोकतं म्हणे. पुन्हा रजा, बस, बाकडं, पुढची तारीख. मारायचा तेव्हा दमून थांबायचा तरी.
खिडकीला पुठ्ठा लावला.

२१ मे
पाचवा. घराला काचेऐवजी पुठ्ठा आहे म्हणे.
पुठ्ठ्याचं मी फक्त इथं लिहिलं होतं.

२४ मे
मामांना विचारलं. शांतपणे म्हणाले, "मध्यस्थ एका बाजूचं दुसरीपासून लपवतो का गं? आधी वायसनला वाचून दाखवतो, मग कोर्टात देतो." जेवून, पानं घेऊन गेले. मला रागही आला नाही.

२५ मे
लिहिणं थांबवता येत नाही. कोर्टाच्या कारकुनाने आधीच बजावलंय, एक पान चुकलं तरी पोर बापाकडे. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना.
तियामिके जेवली. खोकला आहे.

२७ मे
दुकानात एकदम आठवलं, नऊ तारखेचं पान. किल्ली.
शाळेत धावले. बाई म्हणाल्या, वडील कोर्टाचा कागद दाखवून घेऊन गेले. घरीच नेतो म्हणाले.
मडकं रिकामं. माझ्या किल्लीने आत आले. घरात कुणी नाही. अलेफामावशी पोलिसांकडे गेल्यात. मी आतून कुलूप लावून बसलेय. आजचं पान चुकायला नको. तियामिके सकाळी जेवली. खोकला —
खोकला दाराबाहेर आहे. कुलपात किल्ली फिरतेय. मी घरी असले की ती आधी मला हाक मारते, आज हाक —