वल्ह्याचा आवाज

३ मार्च
बेटावरची सगळी घरटी रिकामी. पक्ष्यांची मोजदाद करणाऱ्या बाईंनी आज दुर्बिणीतून पाहून खात्री केली. करकोचे अंडी घालण्याआधीच उठून गेले. "होड्या फार जवळ जातात," म्हणाल्या. वहिनीचा चेहरा उतरला. हे चार खोल्यांचं घर पाहुण्यांवर चालतं, आणि पाहुणे येतात ते करकोच्यांसाठी!

४ मार्च
दादा चिडलाय. पाहुण्यांना होडीतून बेटाकडे नेणारा तोच ना! "अरे, बेटाजवळ आम्ही इंजिन बंद करतो! वल्हं पाण्याला लागल्याचं कळतसुद्धा नाही."
खरं आहे. हे कसब त्याचं जुनं – पूर्वी हे सगळे होडीवाले असेच जाऊन अंडी पळवायचे. पाहुणे यायला लागले, तेव्हा अंडी विकण्यापेक्षा करकोचे दाखवणं परवडू लागलं. बेटावरची झाडतोडही थांबली. हे उपकार पाहुण्यांचेच. मी पेपरसाठी बातमी लिहितोय, त्यात हे वगळून चालायचं नाही.

५ मार्च
वहिनीने दोन पाहुण्यांना फोन करून सांगितलं – येऊ नका.

७ मार्च
दादाबरोबर होडीतून गेलो. इंजिन धडधडत होतं तोवर काठावरचे बगळे ढिम्म. त्याने इंजिन बंद करून वल्हं उचललं – भर्रकन सगळे उडाले!
जेवताना वहिनीला सांगितलं. भाजी वाढता वाढता म्हणाली, "भावजी, चोरासारखं गेल्यावर त्यांनी काय जावई समजून पाट मांडायचा?"
दादा हसला नाही. मग हसला – ठसका लागेपर्यंत.

१० मार्च
ठरलं. करकोचे परतले तरी त्यांची पिल्लं उडेपर्यंत बेटाकडे होडी न्यायची नाही. पाहुण्यांनी अंगणातून बघायचं. दादाने बाकीच्या होडीवाल्यांना स्वतः सांगितलं. एक जण म्हणाला, "आधी अंडी सोडायला लावलीस, आता होडी. उद्या काय, श्वास सोडू?" पण ऐकलं. कमाई घटणार हे माहीत असून ऐकलं! अशा माणसांत राहायला मिळतंय, आणखी काय हवं?
आज गेलेली पाहुणी आपली दुर्बीण इथेच ठेवून गेली. "घरी नेऊन काय बघू? शेजारीण?"

१९ मार्च
करकोचे आले! बेटावर नाही – आमच्या अंगणात, चार नंबरच्या खोलीसमोरच्या झाडावर. चोचीत काड्या घेऊन येरझाऱ्या चालल्यात. बाईंनी दुपारी येऊन पाहिलं: घरटंच. वहिनीने चार नंबरला कुलूप घातलं, दोरीवरच्या चादरी काढल्या. म्हणजे आता अंगणही बंद! उद्या सकाळी पाहुणे येतील, त्यांना मागच्या दाराने घ्यायचं. दादा फाटकाशी उभा राहील. वहिनीची सक्त ताकीद – चवड्यांवर कुणी चालायचं नाही, आणि दादाने मोठ्याने खोकत राहायचं.