साडीच्या घडीतला कागद

वडवणी

ती. दादांना,

मोहिनीचा डाव्या हातानं नमस्कार. अक्षर वाकडं दिसलं तरी घाबरू नका, उजवा हात प्लास्टरमध्ये आहे. आईला मी पडले म्हणून सांगा. तिचे गुडघे कसे आहेत?

झालं असं. मी समाजमंदिरात प्रौढांना वाचायला शिकवते, तिथं शिकणाऱ्या नीलाबाईच्या घरी मी गेले होते, तेव्हा तिचा भाऊ साडी-चोळी घेऊन आला. कागद पुढं करून म्हणाला, "अंगठा दे."

"आदी वाचते," ती म्हणाली. बोट ठेवून एकेक अक्षर लावलं. बापाच्या शेतावरचा हक्क सोडल्याचा कागद होता.

"न्हाई देत."

त्यानं तिचा अंगठा उंबऱ्यावर दाबला आणि दगडानं ठेचला. मी मधी पडले, दुसरा घाव माझ्या मनगटावर बसला.

तिसऱ्या दिवशी ती चिंधी बांधून वर्गात हजर. म्हणाली, "बाई, आता डाव्या हातानं शिकवा." दोघी तसंच गिरवतोय.

दादा, राखीच्या साडीत तुम्ही ठेवलेल्या कागदावर मी न वाचताच सही करणार होते. काल वाचला. सोबत परत पाठवतेय, सहीची जागा कोरी आहे.

साडी वहिनींना नेसू द्या.

तुमची धाकटी,
मोहिनी