नट-बोल्टची बाई

४ जानेवारी

आज हे पुन्हा मला म्हणाले, "अहो बाई, अंधार पडायच्या आत निघा. तुमच्या घरचे वाट बघत असतील." त्रेपन्न वर्षं संसार केला — आणि निघा! म्हटलं, "चहा पिऊन निघते." त्यांना पटलं.

नात विचारते, हेही लिहू? लिही! अक्षर येत नाही म्हणून सांगायलाही येत नाही की काय? आणि मध्ये स्वतःचं शहाणपण घालू नकोस. उद्या तुझ्याकडूनच वाचून घेईन.

९ जानेवारी

आमच्या फिटरना माणसं ओळखू येत नाहीत, लोखंड येतं. काल पोटच्या मुलाला "साहेब" म्हणाले. सुनेने अडगळीतला गंजका तुकडा पुढे केला तर झटकन — "पंपाचा व्हॉल्व्ह. उलटा बसवला होता." ओळखलं ते ओळखलं, वर चूकही काढली!

तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. लोखंड ओळखतात ना? मग मी लोखंडाची होते.

१२ जानेवारी

भंगारवाल्याची गोण अंगणात ओतायला लावली. "आजी, लोक भंगार देतात, तुम्ही घेताय?" म्हटलं, "बाबा, मापाचा निघालास तर तुलाही घेईन."

सायकलची चेन घेतली — वेणीला. टेबलफॅनची जाळी — घेराला. गिअरचं चाक तोंडाला. दात आहेत त्याला, माझ्यापेक्षा जास्त.

२३ जानेवारी

भंगारवाला म्हणतो, वेल्डिंग करून आणतो, पाच मिनिटांचं काम. नको! कारखान्यात हे पोरांना सांगायचे, जे उघडत नाही ते दुरुस्त होत नाही. मी सगळं नट-बोल्टवर बसवतेय. बोटांत जोर नाही, आवळता येईल तेवढं आवळते. हात म्हणून यांचेच नट आवळायचे दोन पाने लावले.

पाय आज झाले. आटे पाडलेल्या दोन सळया, एकेकीवर अकरा नट चढवले; जेवढे नट तेवढा पाय उंच. नातीने मोजले आणि लागली हसायला. "आजी, दोन्ही पाय सारखे?"

माझा डावा पाय जन्मापासून बोटभर आखूड. तर काय झालं? लोखंडात तरी सरळ उभी राहू दे की मला! फोटो काढतेय का मी?

उगाच आठवलं. जिन्यावर माझं पाऊल वाजलं की हे आतूनच दार उघडायचे. हाक मारायची कधी वेळच आली नाही.

६ फेब्रुवारी

बाई पुरी झाली. यांच्या खोलीत खिडकीपाशी उभी केली. मुलगा, सून, नात, सगळे दाराशी दाटीवाटीने. मी पदर नीट केला — जशी काही मलाच बघायला आलेत.

यांनी तिच्याभोवती एक फेरी मारली. वेणीला बोट लावलं, बोटाचा वास घेतला. म्हणाले, "काम कच्चं आहे. नट ढिले आहेत." आणि मला, "तुम्ही कुणाकडे आलात?"

सून म्हणाली, "आई, सुंदर झालीये हो." खोटं बोलताना तिचा आवाज बारीक होतो.

७ फेब्रुवारी

आज काही सांगायचं नाही.

८ फेब्रुवारी

उघडली! मी अंघोळीला गेले तेवढ्यात यांनी सगळी उघडली. माझेच हात काढले आणि त्याच पान्यांनी मला सोडवलं. चादरीवर ओळीने मांडलंय — मोठे बोल्ट, छोटे बोल्ट, नट, वॉशर. वेणी रॉकेलच्या वाटीत.

सून गोळा करायला वाकली तर ओरडले, "हात लावू नका! काम चालू आहे."

मी दारातूनच परत फिरले. महिनाभर राबले. त्यांच्यासाठी ती पंपासारखीच एक वस्तू. रडले नाही. नात म्हणते, रडलीस. मग लिही — थोडीशी.

१० फेब्रुवारी

दोन दिवस घासताहेत. जेवायला हाक मारली तर, "बाई, थांबा." सळया हातात धरून, एक डोळा मिटून बघत होते. मी पाणी ठेवलं आणि निघाले. दारापर्यंत माझ्या पायांकडे बघत होते. असतील, म्हटलं. चप्पल आवडली असेल.

११ फेब्रुवारी

जोडली! खिडकीपाशी उभी आहे. नट घट्ट, वेणी चकचकीत, आणि डावीकडे जराशी कललेली. मी मोजले. उजव्या पायात अकरा, डाव्यात दहा.

अकरावा माझ्या तळहातावर ठेवून म्हणाले, "हा कशाला घातला होतास गं?"