मोटारसायकलीचं विमान

४ ऑक्टोबर, शनिवार
मोटारसायकलीचं इंजिन नाहीसं झालंय. गाडी जागच्या जागी, ताडपत्रीही नीट बांधलेली – आणि आत नुसती पोकळी. चार वर्षं पडून होती, म्हणून नवरा गिऱ्हाईक घेऊन आला. त्याच्यासमोर ताडपत्री ओढली आणि गिऱ्हाईक आल्या पावली परत गेलं.
चोर इंजिन काढून ताडपत्री परत बांधून जातो का?

५ ऑक्टोबर
चोर घरातलाच. सासरे.
मागच्या शेडला हल्ली कुलूप असायचं, आज उघडी दिसली. आत अॅल्युमिनियमच्या नळ्यांचा सांगाडा – या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मध्ये आमचं इंजिन. त्याच्यामागे लाकडी पंखा, जवळजवळ माझ्या उंचीचा. "बाबा, हे काय?" जन्मभर लेथवर लोखंड कातत उभा राहिलेला माणूस. एखादा नट-बोल्ट दाखवावा तसे म्हणाले, "विमान. एका माणसाचं."
मी तिथेच बसले, लोखंडाच्या चुऱ्यात.
जेवताना नवऱ्याचा पारा चढला. "विचारायचं तरी."
"विचारलं असतं तर दिलं असतंस?"
"नाही."
"मग?"
सासूबाई वाढत होत्या. स्वतःचा नवरा एकाहत्तराव्या वर्षी विमान बांधतोय, आणि या विचारतायत, आणखी भात हवा का!

६ ऑक्टोबर
बापलेकांचं बोलणं बंद.

१९ ऑक्टोबर
सासऱ्यांनी कापडाचा गठ्ठा माझ्या मशीनवर आणून ठेवला. होडीच्या शिडाचं कापड – कडक, सुळसुळीत. पंखांना घालायचं. म्हणे, शिवशील का.
मी पडदे शिवते. गाद्यांच्या खोळी शिवते. म्हटलं, "टाका उसवला तर?"
"तर मी खाली येईन."
इतकं सरळ! नाहीच म्हणणार होते. पण दुसऱ्या कुणी शिवलं आणि कच्चं शिवलं तर? दुपारी मशीनला जाड सुई लावली.

२ नोव्हेंबर
पंखांची परीक्षा. पंख उलटे ठेवले आणि वर वाळूची पोती रचली – हवा खालून जेवढा जोर लावेल तेवढा वरून. सासूबाई पोती मोजत होत्या. एकेक पोतं पडलं की मी वाकून शिवण बघायची. बाराव्या पोत्याला नळी कुरकुरली. चौदाव्याला सासूबाई म्हणाल्या, पुरे.
एक टाका हलला नाही. आत जाऊन तोंड धुतलं. रडले हे कुणाला कळू नये म्हणून.

९ नोव्हेंबर
आज इंजिन सुरू केलं. नवरा दारात उभा, हाताची घडी, चेहरा वाकडा. सासरे मला समजावत होते – मोटारसायकलीचं इंजिन फार जोरात फिरतं, पंख्याला तेवढा वेग सोसत नाही, म्हणून मध्ये एक लहान, एक मोठी पुली आणि त्यांच्यावर पट्टा. बोलता बोलता पट्टा तुटला. फाडकन! दाराच्या पत्र्याला भोक. नवऱ्याच्या कानापासून वीतभर.
नवऱ्यानं भोकाकडे पाहिलं, बोट घालून पाहिलं, आणि निघून गेला. संपलं, म्हटलं. पंधरा मिनिटांनी ड्रिल आणि जाळी घेऊन परत. "पट्ट्यावर झाकण कुणी लावायचं? इंजिन माझं आहे. मी लावणार."
महिन्यानंतर बापाशी बोललेलं पहिलं वाक्य.

३० नोव्हेंबर
बंद कारखान्यामागचा लांब सरळ रस्ता. विमान ट्रॉलीवरून नेलं. सासरे हेल्मेट घालून बसले.
पाच वेळा धावलं. पाचही वेळा चाकं वीतभर सुटली आणि आपटली. सासरे चौऱ्याऐंशी किलो. इंजिनाचा दम तेवढाच. नवरा तर त्यांच्याहून जड.
सासरे उतरून रस्त्यावरच बसले. "मी जड आहे," एवढंच म्हणाले. घरी येईपर्यंत हेल्मेट काढलं नाही.

७ डिसेंबर, रविवार
अक्षर वेडंवाकडं येतंय, येऊ दे.
सकाळी परत तिथेच. मला वाटलं, शेवटचा प्रयत्न. सासूबाईंनी शाल काढून माझ्या हातात दिली. अंगात माझ्या नवऱ्याची जुनी पँट, पायाशी दुमडलेली. त्या जाऊन विमानात बसल्या. मला वाटलं, फोटोसाठी. नवराही हसला. सासऱ्यांनी त्यांच्या अंगावरचे पट्टे आवळले, पंखा फिरवला.
"आई, उतरा!" माझं ओरडणं इंजिनात बुडालं.
विमान धावलं आणि उठलं. वीतभर नाही. खांबाएवढं, मग झाडांच्या वर. खालून उन्हात माझी शिवण दिसत होती, सरळ रेघ. मी फक्त तिच्याकडे बघत राहिले. सासूबाईंकडे बघायची हिंमत नव्हती. नवरा खाली बसला, दोन्ही हात डोक्यावर. सासरे पुटपुटत होते, "वळली... वळली बघ."
अकरा मिनिटं. उतरताना एक उसळी, एक चाक वाकलं. मी धावले. "आई, कशा आहात?"
"घसा कोरडा पडलाय. पाणी आणलंस का?"
पाणी कुणीच आणलं नव्हतं.

८ डिसेंबर
सासूबाई भाजी निवडतायत. नवरा चार वेळा त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला, चार वेळा तसाच परत आला.

९ डिसेंबर
शेवटी सासऱ्यांना शेडमध्ये गाठलं. म्हटलं, "हलक्या आहेत म्हणून आईंना बसवलंत. काही बरंवाईट झालं असतं तर?"
ते वाकलेलं चाक ठोकत होते. थांबले.
"मी बसवलं? अगं, दर गुरुवारी बहिणीकडे जाते सांगून दोन वर्षं ती उडायला शिकतेय. विमान तिचं, आराखडा तिचा. मी नुसता लेथवाला. मला उडवता कुठे येतं? पडलंच तर तिच्याआधी मी पडावं, म्हणून बसलो होतो."