लास्ट लँटर्न हिला पुन्हा वरातीत उभं करू नये म्हणून

मी, बुधाजी सखाराम तायडे, वय अठ्ठ्याहत्तर, अमरावती एसटी स्थानकाचा निवृत्त उद्घोषक, राहणार चांदूर बाजार रस्ता, अमरावती, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. कोणी धाक घातला नाही, कोणी गोड बोलून सही मागितली नाही. छाती मात्र ठिकाणावर नाही. गुरुवारी नागपूरला ऑपरेशन आहे. रिपोर्ट पाहून डॉक्टरांनी जो आवाज खाली केला, तो मला समजला. जन्मभर आवाजावरच पोट भरलं आहे. म्हणून जे सांगायचं ते आजच.

कलम एक. बँकेतली शिल्लक मुलगी प्रियदर्शनी, राहणार अकोला, हिला द्यावी. आईचं शेवटचं दुखणं तिनं काढलं. यावर कोणी बोलू नये.

कलम दोन. माझी शाळेतली कवितांची पुस्तकंही तिलाच. चौथीत गुरुजी कविता चालीवर म्हणून घेत आणि आमचा आवाज वर्गाच्या पत्र्यांपलीकडे जाई. पुढे माईकवर ‘अकोल्याला जाणारी गाडी फलाट तीनवर’ हेही मी त्याच चालीत म्हटलं. साहेबांनी मेमो दिला. गाडी मात्र कोणाची चुकली नाही.

कलम तीन. माझा फोन. यावर मी घोड्यांच्या शर्यती पाहतो. पैसे कधी लावले नाहीत. शेवटच्या वळणाला समालोचकाचा आवाज चढत जातो, तेव्हा मला चौथीचा वर्ग ऐकू येतो, एवढंच. या हंगामात पुण्याला ग्रॅनाइट किंग सगळ्यांच्या तोंडी आहे, पण तो सुरुवातीलाच उधळतो आणि वळणावर मान वर करतो, तिथंच संपतो. मान्सून मेजर प्रामाणिक आहे, ओल्या मैदानावर बुजतो. खरी आहे ती इव्हनिंग लॅम्प, तीन वर्षांची मादी. पहिल्यांदा पाचवी आली, मग तिसरी, गेल्या खेपेला जेमतेम मुंडीभर अंतरानं दुसरी. मागं राहते, सगळ्यांना दमू देते, आणि मग बाहेरच्या बाजूनं येते. तिची आईही अशीच धावायची. ती आई, लास्ट लँटर्न, आत्ता माझ्या अंगणात लिंबाखाली उभी आहे.

येत्या रविवारी लेकीची शर्यत आहे. तेव्हा मी असेन की नाही, माहीत नाही. कोणीतरी फोन आईच्या कानाशी धरावा. तिला काय कळतं, असं म्हणणाऱ्यानं एकदा धरून पाहावं.

कलम चार. हे कलम घोडीचं आहे. बाकी सगळं यासाठीच लिहिलं.

शर्यतीतून उतरलेल्या घोडीचं पुढं काय होतं, ते कोणी विचारत नाही. ही एकाकडून दुसऱ्याकडे विकली जात राजापेठच्या ओमप्रकाश बँडवाल्याकडे आली, आणि माझा नातू सुगत याच्या लग्नात वरातीला तीच आली. कपाळावर ज्योतीसारखा पांढरा पट्टा, मागचा डावा पाय पांढरा. फोनवर इतक्यांदा पाहिलेली. मी पाहताच ओळखली.

त्याआधीचंही लिहितो. माझ्या बापाच्या लग्नात गावकऱ्यांनी त्याला घोड्यावरून उतरवलं आणि पायी चालवलं. म्हणून माझा मुलगा धर्मेंद्र यानं सुगतसाठी घोडी सांगितली, तेव्हा मी नुसते डोळे पुसले.

राजापेठेत वरात थांबली असताना एका दुकानदारानं शटर खाली ओढलं. धाडकन. शर्यतीचं फाटक उघडतं तेव्हा अगदी असाच आवाज होतो, आणि त्या आवाजावर सुटायचं, हे तिच्या हाडात बसलेलं. ओमप्रकाशनं तिला ढोलाची सवय लावली होती, फटाक्यांची लावली होती. शटर कोणाच्या ध्यानात येणार? ती सुटली. सुगत फेट्यासकट तिच्या मानेला चिकटलेला. मी बँडवाल्याच्या हातातला माईक ओढला आणि सुरू झालो: ‘लास्ट लँटर्न बाहेरून पुढे! दोन ऑटो मागे! बुलेट मागे!’ सगळी राजापेठ हसली. घोडी लग्नाच्या सभागृहापाशी, शर्यत संपते तिथं असतो तसल्या पांढऱ्या खांबाशी आपोआप थांबली. नवरदेव पोचला, वरात मागं राहिली.

धर्मेंद्र त्या दिवशी म्हणाला, “बाबा, आपल्या घरचा पयला मानूस घोड्यावर बसला, अन् तुमी त्याचा तमाशा केला!” तेव्हापासून तो माझ्याशी कामापुरतं बोलतो. त्याचं दुखणं खरं आहे, हे मी इथं नोंदवून ठेवतो. पण माफी मागत नाही. माझ्या बापाला अडवलं होतं. त्या दिवशी भर बाजारात आपल्या पोराला कोणीच अडवू शकलं नाही. मी तेच ओरडून सांगत होतो.

पुढे घोडी पुढच्या उजव्या पायानं लंगडू लागली, तेव्हा ओमप्रकाशनं ती मला देऊन टाकली. माझ्या अंगणात तिनं आराम केला. आता सरळ चालते म्हटल्यावर तो रोज फाटकाशी येतो. “काका, सीजन आला. तिले पयाचं कुठं हाय? उभंच त राहाचं हाय!” अरे बाबा, उभं राहणंच तिला मारील. डांबरावर तासन् तास उभी ठेवली की पायाची नस पुन्हा जाईल आणि तो हंगाम तिचा शेवटचा ठरेल. धर्मेंद्रनं त्याला सांगितलं आहे, “बाबाचं आपरेशन होऊ द्या, मंग घेऊन जा.” खिडकी उघडी होती. मी ऐकलं.

मी सगळीकडे विचारलं. प्रियदर्शनी म्हणाली, “बाबा, माहा फ्लॅट तिसऱ्या माळ्यावर हाय. लिफ्टमधी मावन का ते?” गोशाळेवाले म्हणाले, गाय असती तर ठेवली असती. वकीलबाई म्हणाल्या, जनावराच्या नावानं घर करता येत नाही, काका.

म्हणून माझं राहतं घर, अंगण आणि लिंब नातू सुगत धर्मेंद्र तायडे, राहणार अकोला, याला देत आहे. अट एकच: लास्ट लँटर्न जिवंत असेतो इथंच राहील आणि वरातीत जाणार नाही.

सुगत, तू फोन उचलत नाहीस. त्या हसण्याचा राग तुलाही असेल. पण आपल्या घरात तिच्यावर बसलेला तूच एक, आणि तू पडला नाहीस. मी हात जोडतो. मृत्युपत्रात असं लिहीत नाहीत म्हणून वकीलबाई हे खोडतील. त्यांनी खोडू नये. आणि तू नाही म्हणालास तर? त्यापुढचं कलम मला सुचत नाही. जागा कोरी सोडतो.

कलम पाच. शेजारच्या फुलवाल्या केशरबाईंनी फोन करून सांगितल्यावरून सुगत आत्ता अकोल्याहून आला. वरचं सगळं त्यानं घोडीजवळ उभं राहून वाचलं आणि कोऱ्या जागेसाठी स्वतःच्या हातानं लिहून दिलं, ते असं:

‘आबा, शटर पडलं तवा मी डोये मिटून घेतले होते. पडलो नाही, कावून का तिनं पडू देलं नाही. बाबाशी मी बोलतो. ओमप्रकाशले घोडी भेटत नाही. रविवारी फोन मी धरतो, पन समालोचन तुमी कराचं. तवापर्यंत वापस या.’

वरील मजकूर मी वाचला. मला मान्य आहे.

बुधाजी सखाराम तायडे (सही)
सुगत धर्मेंद्र तायडे (सही)

आमच्यासमोर सह्या झाल्या. साक्षीदार:
केशरबाई राऊत, फुलांचं दुकान, शेजारी (सही)
जयवंता इंगळे, निवृत्त वाहक, एसटी (सही)

स्थळ: अमरावती, अंगणात
दिनांक: १४ ऑक्टोबर २०२५